त्वचेचे ऊन, डोळ्यांचे ऊन

नॉर्वेच्या दक्षिण भागात र्युकान नावाचे सुमारे साडेतीन हजार वस्तीचे गाव आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी नॉर्स्क हायड्रो या कंपनीने तिथल्या धबधब्यावर वीज निर्माण करून खताचा कारखाना उभारला आणि कामगारांसाठी अरुंद दरीच्या तळाशी हे गाव वसवले. वीज मुबलक, काम मुबलक, घरे पक्की. उणीव एकच होती. दक्षिणेकडच्या उंच डोंगरांमुळे सप्टेंबरअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत गावात ऊन पडत नाही. निरभ्र दिवशी समोरच्या कड्याचा माथा सोनेरी झालेला दिसतो, पण तळाशी सावली ती सावलीच. गावकऱ्यांना हिवाळ्यात डोंगरावर जाऊन ऊन घेता यावे म्हणून कंपनीने १९२८ साली रोपवे बांधून दिला. डोंगरावर आरसे बसवून ऊनच खाली आणावे, ही कल्पना १९१३ साली मांडली गेली होती; ती प्रत्यक्षात आली शंभर वर्षांनी. ऑक्टोबर २०१३मध्ये गावाच्या वर सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर तीन मोठे आरसे बसवण्यात आले. संगणक त्यांना सूर्याच्या चालीप्रमाणे फिरवतो आणि खालच्या चौकात सुमारे सहाशे चौरस मीटरचा एक कवडसा पडतो. लोक त्या कवडशात येऊन बसतात, उन्हाकडे तोंड करतात, गप्पा मारतात.

या आरशांनी गावाला नेमके काय दिले? उजेड दिला, थोडी ऊब दिली, एकत्र जमण्याची जागा दिली. पण हाडांना लागणारे ऊन मात्र दिले नाही, आणि कितीही आरसे बसवले तरी ते देता आले नसते. हे उत्तर विचित्र वाटते, कारण आपण ‘ऊन’ या एकाच शब्दात दोन गोष्टी धरतो. एक ऊन त्वचेतून शरीरात जाते, दुसरे डोळ्यांतून. दोन्हींची वाट वेगळी, काम वेगळे, तुटवड्याची लक्षणे वेगळी आणि उपायही वेगळे. अंधाऱ्या हवामानात राहणाऱ्या माणसांनी गेल्या चारशे वर्षांत जे सोसले आणि जे शोधून काढले, त्याची संगती या फरकातून लागते.

सावलीची लांबी

सूर्यप्रकाश एकजिनसी नसतो. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाबरोबर त्यात अतिनील किरणही असतात. त्यांतल्या ‘अतिनील-ब’ गटातले, म्हणजे साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण त्वचेतल्या कोलेस्टेरॉलसारख्या एका द्रव्यावर पडले, की तिथे ड जीवनसत्त्व तयार होऊ लागते. त्याच्यावाचून आहारातले कॅल्शियम आतड्यातून पुरेसे शोषले जात नाही आणि हाडे मऊ राहतात.

हेच किरण वातावरणातला ओझोन सर्वांत जास्त शोषून घेतो. सूर्य डोक्यावर असला की किरणांना हवेचा थर उभा ओलांडायचा असतो. तो क्षितिजाकडे कलला की वाट तिरपी आणि लांब होते. दिसणारा प्रकाश त्या वाटेने बऱ्यापैकी खाली पोचतो, अतिनील-ब मात्र जवळजवळ सगळा गाळला जातो. २२ डिसेंबरच्या भर दुपारी मुंबईत सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर असतो. त्याच दिवशी लंडनमध्ये तो १५ अंशांवर असतो, आणि र्युकानच्या अक्षांशावर सात अंशही गाठत नाही. म्हणून र्युकानचा आरसा जे ऊन खाली पाठवतो, त्यात मुळातच अतिनील-ब नसल्यासारखा असतो. आरसा नसलेली गोष्ट परावर्तित करू शकत नाही.

अ‍ॅन वेब, मायकेल हॉलिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८मध्ये हे प्रयोगाने दाखवले. मानवी त्वचेचे नमुने त्यांनी निरनिराळ्या महिन्यांत उन्हात ठेवले. ४२ अंश उत्तरेच्या बोस्टनमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात त्यांत ड जीवनसत्त्व तयार झाले नाही. सुमारे ५३.५ अंशांवरच्या कॅनडातल्या एडमंटनमध्ये हा काळ ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत लांबला. यातून एक सोपा आडाखा मिळतो. आपली सावली आपल्या उंचीहून बरीच लांब पडत असेल, तर त्या उन्हाकडून हाडांनी फारशी आशा धरू नये.

मग उत्तरेकडची माणसे हिवाळा काढतात कशी? कोकणातल्या घरात जशी पावसाळ्याची बेगमी उन्हाळ्यातच होते, तसे शरीरही करते. उन्हाळ्यात तयार झालेले ड जीवनसत्त्व काही आठवडे, काही महिने पुरवून वापरले जाते. बेगमी भरपूर असेल तर हिवाळा निभावतो. मुळातच तोकडी असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत कोठार रिकामे होते.

एक आजार, दोन औषधे

ही बेगमी संपल्याचा सर्वांत दुःखद पुरावा म्हणजे मुलांचा मुडदूस. पाय धनुष्यासारखे वाकणे, मनगटे जाड होणे, बरगड्यांवर गाठी येणे ही त्याची लक्षणे. १६५०मध्ये फ्रान्सिस ग्लिसन या इंग्रज वैद्याने त्यावर सविस्तर ग्रंथ लिहिला. पुढे औद्योगिक क्रांतीत हा आजार इतका पसरला, की युरोपात त्याला ‘इंग्रजी आजार’ असेच नाव पडले. अरुंद गल्ल्या, उंच चाळी आणि कोळशाचा धूर यांनी उत्तरेकडचे आधीच दुबळे असलेले ऊन आणखी अडवले होते.

१८२२च्या सुमारास येंजेय श्न्यादेत्स्की या पोलिश वैद्याच्या लक्षात आले, की शहरातल्या मुलांना मुडदूस होतो आणि खेड्यातली मुले वाचतात. मुलांना मोकळ्या हवेत, उन्हात न्यावे असे त्याने सांगितले. १८९०मध्ये थिओबाल्ड पाम या वैद्यकीय मिशनऱ्याने हेच अधिक पद्धतशीरपणे मांडले. जपानमध्ये काम करताना त्याला मुडदूस जवळजवळ दिसलाच नव्हता. त्याने आशियात ठिकठिकाणी काम करणाऱ्या मिशनऱ्यांना पत्रे लिहून माहिती मागवली, आणि गरिबी किंवा निकृष्ट अन्न यापेक्षा उन्हाचा अभाव हे कारण जास्त जुळते असा निष्कर्ष काढला. त्याच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

लक्ष न देण्याला एक कारण होते. उत्तर समुद्राच्या किनाऱ्यावरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या मुलांना कॉड माशाच्या यकृताचे तेल पाजत आणि त्याने मुडदूस बरा होई. तेलाने बरा होणारा आजार उन्हाअभावी कसा होईल? १९१९ साली हा पेच आणखी घट्ट झाला. लंडनमध्ये एडवर्ड मेलॅन्बी यांनी घरात कोंडलेल्या कुत्र्याच्या पिल्लांना मुडदूस होऊ दिला आणि कॉडच्या तेलाने तो घालवून दाखवला. त्याच वर्षी बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी आजारी मुलांवर पाऱ्याच्या दिव्यातले अतिनील किरण सोडून त्यांची हाडे बरी केली. मुलाच्या एकाच हातावर किरण सोडले तरी दुसऱ्या हाताचे हाडही भरून येत होते. याचा अर्थ, त्वचेत काहीतरी तयार होऊन ते रक्तावाटे सगळीकडे जात होते.

१९२२मध्ये एल्मर मॅकॉलम यांनी तेलातले ते द्रव्य ‘अ’ जीवनसत्त्वाहून वेगळे असल्याचे सिद्ध केले आणि त्याला ‘ड’ हे नाव दिले. महायुद्धाने खंगलेल्या व्हिएन्नात हॅरिएट चिक यांच्या पथकाने तेल आणि प्रकाश ही दोन्ही औषधे मुलांवर गुणकारी ठरतात हे दाखवले. पेच सुटला. त्वचा उन्हात जे बनवते, तेच माशाच्या यकृतात साठलेले असते. जीवनसत्त्व म्हणून ओळखले जाणारे हे द्रव्य शरीर स्वतः बनवू शकते. बाहेरून लागते ते फक्त ऊन, आणि ऊन नसेल तर तेल.

नाशिकचा पुरावा

याच १९२२ साली एक पुरावा आपल्या नाशिकमधून पुढे आला. एच. एस. हचिसन आणि एस. जे. शाह यांनी तिथल्या मुडदुसाचा अभ्यास प्रसिद्ध केला. शेतात राबणाऱ्या गरिबांचे अन्न निकृष्ट होते, तरी त्यांच्या मुलांत मुडदूस आढळत नव्हता. तो आढळला तो पडदा पाळणाऱ्या सधन हिंदू आणि मुसलमान घरांत, जिथे खायला-प्यायला कमी नव्हते. बाया आणि तान्ही मुले दिवसभर आतल्या खोल्यांत असत. नाशिकच्या आकाशात ऊन भरपूर होते. त्यांच्या त्वचेपर्यंत ते येत नव्हते.

अंधारे हवामान म्हणजे केवळ ढग आणि अक्षांश नव्हे, हे नाशिकने दाखवले. घराची रचना, कपडे, रूढी, कामाच्या वेळा यांतूनही माणसे आपापला हिवाळा तयार करतात. २००० साली दिल्लीतल्या निरोगी माणसांच्या रक्तातही ड जीवनसत्त्व कमी असल्याचे रवींदर गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी दाखवले, ते याच सूत्रात बसते.

उलट दिशेने हाच धडा ब्रिटनमध्ये मिळाला. त्वचेतले मेलॅनिन अतिनील किरण अडवते. भारतीय उपखंडातल्या प्रखर उन्हात ते संरक्षण असते. स्कॉटलंडमध्ये तीच अडचण होते. गोऱ्या त्वचेला जेवढ्या वेळात ड जीवनसत्त्व मिळते, तेवढ्यासाठी सावळ्या त्वचेला कितीतरी जास्त वेळ उन्हात राहावे लागते. ब्रिटिश मुलांतून मुडदूस जवळजवळ नाहीसा झाला असताना, १९६२मध्ये ग्लासगोच्या पाकिस्तानी वस्तीत तो पुन्हा आढळला. अंग झाकणारे कपडे, मासे-मांस नसलेला किंवा कमी असलेला आहार आणि पोळीच्या कोंड्यातले, कॅल्शियम अडकवून ठेवणारे फायटेट यांचीही त्यात भर होती. हे स्थलांतरितांच्या सवयींचे प्रकरण आहे, असे म्हणून ते सोडून देता आले असते, आणि काही काळ तसे झालेही. पण १९७९पासून ग्लासगोत आशियाई मुलांना ड जीवनसत्त्व मोफत देण्याची मोहीम चालली आणि मुडदुसाचे रुग्ण घटले. १९८१मध्ये मुडदुसाविरुद्धची मोहीम देशपातळीवर सुरू झाली. रूढी बदलण्याची वाट न पाहता गोळी पोचवल्याने मुलांचे पाय सरळ राहिले.

डोळ्यांतून जाणारा उजेड

आता दुसरे ऊन. १८९८ साली ‘बेल्जिका’ हे जहाज अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकले आणि मे महिन्याच्या मध्यात सूर्य मावळला तो सुमारे सत्तर दिवस उगवलाच नाही. जहाजावरची माणसे सुस्त, उदास आणि चिडचिडी झाली. कोणाची झोप उडाली, कोणाला भ्रम होऊ लागला. त्यात ताज्या अन्नाअभावी होणाऱ्या स्कर्व्हीची भर होतीच. तिच्यावर जहाजाचा डॉक्टर फ्रेडरिक कुक याने सील आणि पेंग्विनचे ताजे मांस खायला लावले. त्याशिवाय तो रोज्यांना पेटत्या शेगडीच्या उजेडासमोर बसवू लागला. माणसालाही झाडासारखा प्रकाश लागतो, अशी त्याची समजूत होती. शेगडीचा प्रकाश तसा दुबळाच, पण त्याच्या विचाराची दिशा बरोबर होती.

तो विचार शास्त्रात रुजायला ऐंशी वर्षे गेली. १९८०मध्ये आल्फ्रेड ल्यूई यांनी दाखवले, की झोपेशी निगडित असलेले मेलाटोनिन हे संप्रेरक तीव्र प्रकाशात दबते. त्यांनी २,५०० लक्स प्रकाश वापरला होता. घरातल्या दिव्यांचा प्रकाश शंभर ते पाचशे लक्सच्या आत असतो. दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत आलेले मनोविकारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल यांना न्यूयॉर्कच्या हिवाळ्यात स्वतःतच बदल जाणवला होता. १९८४मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह २९ रुग्णांच्या अभ्यासातून ऋतुनिगडित नैराश्याचे वर्णन केले: दर हिवाळ्यात येणारी उदासी, वाढलेली झोप, गोड आणि पिठूळ पदार्थांची ओढ, वाढते वजन, आणि वसंतात आपोआप बरे वाटणे. तीव्र प्रकाशाने यातल्या अनेकांना आराम पडला.

हे कसे घडते, याचा महत्त्वाचा दुवा २००२मध्ये डेव्हिड बर्सन यांच्या प्रयोगांतून मिळाला. दृष्टिपटलात काही पेशी चित्र पाहण्यासाठी नसतात. त्या फक्त उजेड किती आहे हे मोजतात आणि मेंदूतल्या घड्याळाला कळवतात. आकाशी निळा प्रकाश त्यांना विशेष चेतवतो. काही पूर्ण अंध माणसांतही हे काम चालू असते. मेंदूतले घड्याळ बरोबर चोवीस तासांचे नसते. रोज सकाळच्या प्रकाशाने ते लावून घ्यावे लागते. एडिंबरोच्या डिसेंबरात दिवस जेमतेम सात तासांचा असतो. अंधारात कामावर जायचे, अंधारात परतायचे आणि मधले तास ट्यूबलाइटखाली घालवायचे, असे झाले की घड्याळ मागे पडत जाते. हिवाळी नैराश्याची एक प्रमुख उपपत्ती हीच आहे.

दोन उन्हांतला फरक खिडकीच्या साध्या काचेने स्पष्ट होतो. काच अतिनील-ब किरण अडवते, दिसणारा प्रकाश आत सोडते. म्हणजे खिडकीशी बसल्याने घड्याळाचा फायदा, हाडांचा नाही. नैराश्यासाठी वापरतात ती १०,००० लक्सची प्रकाशपेटी अतिनील किरण मुद्दाम गाळते. तिच्यासमोर हिवाळाभर बसूनही ड जीवनसत्त्व मिळत नाही. उलट ड जीवनसत्त्वाची गोळी हाडांना पुरते, पण ती घड्याळ लावत नाही. एकाचा उपाय दुसऱ्यावर करून ‘काही उपयोग झाला नाही’ म्हणणारी माणसे पुष्कळ भेटतात.

उत्तरेने काय केले

प्रकाशपेटी सकाळी उठल्यावर लवकर, सुमारे अर्धा तास वापरतात. रात्री वापरली तर झोप बिघडते. डोळ्यांचे विकार असणाऱ्यांनी आणि मनःस्थितीचे दोन्ही टोकांना झोके जाणाऱ्यांनी, म्हणजे द्विध्रुवी विकार असणाऱ्यांनी, ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वापरावी; दुसऱ्या गटात उन्माद चाळवण्याचा धोका असतो. २००६मधल्या एका कॅनेडियन चाचणीत प्रकाशोपचार आणि फ्लुऑक्सेटीन हे औषध सारखेच परिणामकारक ठरले. पण दर हिवाळ्यात पेटीसमोर बसणे लोक टाळू लागतात. केली रोहन यांच्या २०१६च्या अभ्यासात, हिवाळ्याविषयीच्या विचारांवर आणि वागण्यावर काम करणारी मानसोपचार पद्धती घेतलेल्यांपैकी सुमारे २७ टक्क्यांना दोन हिवाळ्यांनंतर नैराश्य पुन्हा आले. प्रकाशोपचार घेतलेल्यांत हे प्रमाण सुमारे ४६ टक्के होते.

यावरून एवढे कळते, की उजेडाबरोबर माणूस हिवाळ्याकडे कसे पाहतो यालाही महत्त्व आहे. नॉर्वेतल्या ट्रोम्सो शहरात नोव्हेंबरअखेरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येत नाही; दुपारी काही वेळ निळसर संधिप्रकाश तेवढा असतो. तिथे अभ्यास करणाऱ्या कारी लेबोविट्झ यांना आढळले, की नॉर्वेत जसजसे उत्तरेकडे जावे तसतसा लोकांचा हिवाळ्याविषयीचा सूर अधिक अनुकूल होत जातो. लोक बर्फात, काळोखात बाहेर पडतात. हवा वाईट नसते, कपडे अपुरे असतात, असे तिथे म्हणतात. हा उपाय दिसतो त्याहून शहाणपणाचा आहे. ढगाळ दिवशीही बाहेर काही हजार लक्स प्रकाश असतो, घरातल्या उजेडाच्या कितीतरी पट. जिथे दिवस लहान पण शिल्लक आहे, तिथे दुपारचा अर्धा तास पायी फिरणे हा फुकटचा प्रकाशोपचारच असतो.

स्वीडनमध्ये १३ डिसेंबरला संत लुसियाच्या मिरवणुकीत लुसिया झालेली मुलगी डोक्यावर पेटत्या मेणबत्त्यांचा मुकुट घालते. मेणबत्तीचा प्रकाश मेंदूतले घड्याळ लावण्याइतका नसतो. पण काळोखाच्या ऐन भरात माणसांना घराबाहेर काढून एकत्र आणण्याचे काम ती करते. आश्विन अमावास्येला पणत्या लावणाऱ्यांना ते वेगळे समजावून सांगायला नको.

हाडांचा हिशेब उत्तरेने वेगळा ठेवला. नॉर्वेत ज्या महिन्यांच्या नावात ‘र’ येतो, त्या महिन्यांत, म्हणजे सप्टेंबर ते एप्रिल, कॉडचे तेल घ्यायचे असा घरोघरचा नेम होता. फिनलंडने २००३मध्ये दुधात आणि मार्गारीनमध्ये ड जीवनसत्त्व घालायला सुरुवात केली आणि २०१०मध्ये प्रमाण दुप्पट केले. २००० ते २०११ या काळात तिथल्या प्रौढांच्या रक्तातले त्याचे सरासरी प्रमाण लिटरमागे ४८ नॅनोमोलवरून ६५वर गेले. ब्रिटनचा सरकारी सल्ला आता असा आहे, की हिवाळ्यात सर्वांनी रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घेण्याचा विचार करावा; सावळ्या त्वचेच्या माणसांनी आणि बहुतेक वेळ घरात असणाऱ्यांनी ते वर्षभर घ्यावे.

फोनवरचा प्रश्न

आपल्याकडची मुले शिकायला म्हणून ब्रिटन, जर्मनी, स्वीडनला जातात ती बहुधा सप्टेंबरच्या सुमारास. म्हणजे त्वचेचे ऊन संपत आले असते नेमके तेव्हा. इथून नेलेली बेगमीही अनेकदा तोकडीच असते. नोव्हेंबर उजाडला की फोनवर ऐकू येते: ‘इथे ऊनच नाही.’ घरचे म्हणतात, मन रमव, काही दिवसांनी सवय होईल. सवयीने मन थोडे सावरते, हाडे मात्र सावरत नाहीत.

अशा वेळी दोन वेगळे प्रश्न विचारावेत. पहिला: ड जीवनसत्त्व घेतोस का? शाकाहारी घरातल्या मुलाला माशाचे तेल नको असेल, तर मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून केलेल्या गोळ्या असतात. प्राणिज काहीच नको असेल तर दगडफुलासारख्या शैवाकापासून केलेल्याही मिळतात. जास्त घेतले की जास्त फायदा, असे मात्र नाही; अतिमात्रेने रक्तातले कॅल्शियम वाढते. दुसरा प्रश्न: सकाळी किंवा दुपारी, उजेड असताना, बाहेर पडतोस का? उत्तरे नीट मिळूनही उदासी टिकली, झोप आणि खाणे बिघडले, अभ्यास सुटू लागला, तर तो आळस नव्हे, आजार आहे. तिथल्या डॉक्टरांकडे जायला सांगावे.

आपल्याकडे तान्ह्या बाळाला न्हाऊमाखू घालून सकाळच्या कोवळ्या उन्हात धरतात. सूर्य तेव्हा खूप खाली असतो, अतिनील-ब फारसा नसतो. म्हणून बाळाच्या हाडांसाठी डॉक्टर ड जीवनसत्त्वाचे थेंब देतात, ते चुकवू नयेत. पण कोवळ्या उन्हाचा नेम सोडण्याचेही कारण नाही. रात्र संपली आणि दिवस सुरू झाला, ही खबर बाळाच्या मेंदूतल्या घड्याळाला त्याच उजेडातून मिळते.